खांबामागची बाई

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपार

चिमे,

आज तुझी डाळ करपली होती. माझ्या जिभेचा भ्रम म्हणशील, म्हणून गल्ल्यावरच्या चष्मेवाल्या बाईंना विचारून खात्री केली. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, "हो, खाली लागली होती. हल्ली होतं असं अधूनमधून. तुम्ही रस्सा घ्या ना, रस्सा बरा आहे."

बरा आहे! खाणावळीच्या गल्ल्यावर बसून कुणी त्याच खाणावळीच्या रश्श्याला 'बरा' म्हणतं का गं? तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

अक्षर तू ओळखलं असशील. आता हा कागद चुरगाळून टाकायच्या आधी एवढं वाच. मी तुझ्या वाटेत आलेली नाही. लेकीने इथे नवीन जागा घेतली, दोन खोल्या आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, ती बघायला आलेय. "आई, जन्मात एकदा तरी मोठं शहर बघ," असं ती वर्षभर म्हणत होती. ती रोज दुपारी तुझ्याकडे जेवते आणि तू तिला मावशी म्हणून जादा वाढतेस, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. आपल्या भांडणात तिला कशाला ओढायचं?

तू म्हणाली होतीस, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." मी शब्द पाळलाय. आल्यापासून रोज तुझ्याकडे जेवते, पण त्या जाड खांबामागच्या टेबलावर बसून. तिथून स्वयंपाकघराची वाढायची खिडकी दिसते आणि खिडकीतून फक्त तुझे हात दिसतात. हात ओळखीचेच आहेत. उजव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग अजून तसाच आहे. अंगठी मात्र नाही. मेहुणे गेल्याचं मला परक्यांकडून कळलं, तो विषय आत्ता नको.

फोन तू उचलत नाहीस. आज निघताना दाराशी तुझी सूचना पेटी दिसली. तिच्यावर लिहिलंय, 'चव आवडली तर इतरांना सांगा, नाही आवडली तर आम्हाला सांगा.' मला नाही आवडली. म्हणून कायदेशीर मार्गाने सांगतेय.

तुझ्या या शहराला नावं ठेवायला मी आलेली नाही, हेही सांगून टाकते. उलट इथे आल्यापासून मी जिभेचे इतके लाड करतेय की मलाच लाज वाटते. लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाडीवाला आहे, सकाळी भट्टीतला गरम पाव मधोमध फोडून त्यात कांदा आणि अंडं घालून देतो. आधी विचारतो, "भूक अर्धी की पूर्ण?" मी पहिल्या दिवशी वयाला शोभेल असं "अर्धी" म्हटलं. खाऊन झाल्यावर गाडीपाशीच घुटमळत राहिले, तर म्हणाला, "काकू, खोटं कशाला बोललात?" आता मी दुरून दिसले तरी तो न विचारता पूर्ण भुकेचा पाव कापायला घेतो. मासळीबाजाराच्या मागे एक बाई कोळशावर मासा भाजते, वर काही नाही, फक्त मीठ आणि लिंबू. आम्ही उभ्याने खाल्ला. लेक म्हणाली, "आई, बोटं काय चाटतेस, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, मला इथे ओळखतंय कोण?

सगळीकडे इतकं छान खायला मिळतं आणि माझ्या स्वतःच्या बहिणीकडे, जिच्या हाताला घरात कुणाची सर नव्हती, तिथे डाळ करपते.

एकच विचारायचंय. तुझ्या स्वयंपाकघरात चव कोण बघतं? उत्तर दे.

ताई


बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपार

चिमे,

उत्तर पोचलं. तो तुझा उंच वाढपी, ज्याला सगळे उंट म्हणतात आणि जो त्यावर "ओ" देतो, त्याने माझ्यासमोर न मागवलेली एक छोटी ताटली ठेवली. भाताची खरपुडी. पातेल्याच्या तळाची, तांबूस, कडक, लोणी लावलेली.

"मी हे सांगितलं नव्हतं."

"बाईंनी पाठवलंय. खांबामागच्या बाईंना द्या म्हणाल्या."

"आणखी काही म्हणाल्या का?"

उंटाने मान लांब करून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणाल्या, त्यांना करपलेलं लगेच कळतं, तर हेही कळेल."

टोमणा कळला. पण लोणी कशाला लावलंस मग? लहानपणी आपण दोघी या खरपुडीसाठी एकमेकींच्या वेण्या ओढायचो आणि आई शेवटी ती मोडून, लोणी लावून, दोघींना सारखी वाटून द्यायची. टोमणा मारणारीने लोण्यापर्यंत जायची गरज नव्हती. मी कणसुद्धा उरवला नाही. उंट रिकामी ताटली नेताना म्हणाला, "काय मावशी, भांडण आहे की लाड आहेत?" मी म्हटलं, "मलाही तेच कळत नाहीये."

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. चव कोण बघतं?

हसशील, पण मला रात्री याच्यावरून झोप लागेना. तुला आईचा नियम आठवतोय ना? चुलीपाशी उभी असेल तिने चमचा तोंडाला लावायचा नाही. तिचं तोंड वाफेने आणि भुकेने फसतं, असं आई म्हणायची. स्वयंपाक करणारीने नाकावर करायचा आणि चव दुसरीने बघायची, तिनेही भाषण ठोकायचं नाही, 'हं' किंवा 'नाही', एवढंच. लोक आपल्याला हसायचे. तू चुलीशी, मी उंबऱ्यावर, हातात माझा चमचा. तू झाकण उचलून डोळे मिटायचीस, नाक पुढे करायचीस आणि नुसत्या वासावर सांगायचीस, "मीठ राहिलं." वासावर मीठ कसं कळतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. दूध नासायला लागलं की तुला पलीकडच्या खोलीत कळायचं. बाबा म्हणायचे, या पोरीचं नाक पोलिसात द्यायला हवं.

आता बघ मला कशाची काळजी वाटतेय. तू चव बघत नाहीस, कधीच बघितली नाहीस, तो तुझा हात आणि तुझा हट्ट. सगळा भार नाकावर. आणि उंबऱ्यावर कुणी नाही. अशा वेळी नाकच जरा इकडेतिकडे झालं, तर सांगणार कोण? गल्ल्यावरच्या बाई पगारी आहेत. उंट तर मला वाटतं ताटात खिळे वाढले तरी खाईल.

सर्दी वगैरे झाली होती का तुला?

आज सकाळी लेकीने मला इथल्या जुन्या बाजारात नेलं. एका दुकानात नुसती लोणची होती, जमिनीपासून छतापर्यंत बरण्याच बरण्या. दुकानदार प्रत्येक बरणीतली एकेक फोड हातावर ठेवत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मला फार आवडलं. पण मध्येच एका फोडीला वाटलं, चिमीला विचारायला हवं, यात काय घातलंय. वासावर सांगितलं असतंस. मग पुढच्या फोडी खाल्ल्या खऱ्या, पण लक्ष लागलं नाही.

ताई


शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपार

चिमे,

कालची खीर नासलेली होती. हे नुसतं माझं मत नाही, उंटाने कबूल केलंय. मी पहिला घास तसाच वाटीत ठेवला आणि आजूबाजूला बघितलं. माझ्या पलीकडच्या टेबलावर बँकेतले दोघे बसतात, त्यातल्या जाड्याने वाटी नाकाशी नेली आणि दुसऱ्याला म्हणाला, "आज लिंबू घातलंय का रे खिरीत?" दुसरा म्हणाला, "उद्यापासून समोर जाऊ या. तिथे निदान खीर नसते." मी उंटाला खांबामागे बोलावलं.

"दूध सकाळचं होतं का?"

"आदल्या दिवशीचं. फ्रीज रात्री बंद पडला होता. मी सकाळीच बाईंना म्हटलं, जरा वास येतोय. बाई म्हणाल्या, तुझ्याच नाकाला काहीतरी झालंय, दुधाला काही झालेलं नाही."

"त्यांनी स्वतः वास नाही घेतला?"

उंटाने माझी वाटी उचलली. मग म्हणाला, "घेतला की. माझ्यासमोर पातेल्यात डोकं घातलं. म्हणाल्या, छान आहे."

चिमे, तू. जी पलीकडच्या खोलीतून सांगायचीस.

त्यावर मी उंटाकडून निरोप दिला, 'वासाचं काय झालंय ते सांग.' आणि तू उत्तर काय पाठवलंस? आजचं ताट. भाजी अळणी, डाळ अळणी, भातसुद्धा अळणी, आणि शेजारी भली मोठी मिठाची वाटी. उंट अगदी कोर्टात शपथ घेतल्यासारखा उभा राहून म्हणाला, "बाई म्हणाल्या, त्यांचं मीठ त्या घालतील. त्यांचं समाधान आपल्याच्याने होणार नाही." सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले, हसले नसते तर रडले असते. पण वाटीकडे बघून मला जे कळलं ते तुला कळू द्यायचं नसेल. तू मला उत्तर द्यायचं टाळतेयस. तुला ज्याचा राग असतो ते तू तोंडावर बोलतेस. ज्याची भीती असते ते तू थट्टेवर नेतेस. लहानपणापासून.

आणि आज आणखी एक दिसलं. मी मुद्दाम लवकर येऊन बसले होते. पूर्वी तू झाकण उचललंस की डोळे मिटायचीस. आज खिडकीतून तुझे हात दिसले, एका हातात झाकण, दुसऱ्या हातात डाव. डाव वर उचलून तू दिव्याच्या उजेडात धरलास आणि बघितलंस. मग थोडं तिखट टाकलंस, परत बघितलंस. तू रंगावर स्वयंपाक करतेयस, चिमे.

आता मी खरं लिहिते, म्हणजे तुलाही लिहिता येईल. लेकीची जागा बघायला मी आले हे अर्धंच खरं. महिन्यापूर्वी तिचा फोन आला. "आई, तुला राग येणार नसेल तर सांगते. मावशीच्या हाताला काहीतरी झालंय. परवा सगळा पाव जळाला, खाणावळीत धूर झाला, आणि मावशी धुरात उभी राहून कांदा चिरत होती. गल्ल्यावरच्या बाईंनी ओरडून सांगितलं तेव्हा कुठे तिने मान वर केली." मी दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. वाटेत ठरवलं, आधी खाऊन बघायचं. जीभ ही माझी कामाची वस्तू, दुसरं काय येतं मला?

तू म्हणशील, मी अजून तीच आहे, नाही म्हणणारी. आहे. तुझं लग्न ठरलं त्या दिवशी सासरची माणसं पाटावर बसली होती, तू पहिल्यांदा त्यांच्यासाठी रांधलं होतंस आणि घरच्या सवयीने उंबऱ्यावर बसलेल्या मला चव विचारलीस. मी म्हटलं, "नाही." सगळ्यांनी ऐकलं. तुझी सासू तर हातातला घास तसाच धरून बसली. मीठ कमी होतं, चिमे. आजही विचारलंस तर तेच म्हणेन. पण मेहुण्यांनी मीठ मागून घेतलं आणि दोनदा भात घेतला, हेही मी पाहिलंय. तोंड दाखवू नकोस म्हणण्याइतका राग तू धरलास, तेवढा त्या माणसाने धरला नव्हता.

ते जाऊ दे. मला आता मिठाची काळजी नाही. ज्या बाईला धूर कळत नाही ती दिवसभर पेटत्या शेगड्यांमध्ये एकटी उभी असते, मला त्याची काळजी आहे. लेकीने काल मला घाटावर नेऊन गरम शेंगदाणे खाऊ घातले, बोटीतले लोक दाखवले. शेंगा इतक्या गोड होत्या की दुसऱ्या कुठल्या वेळी मी पुडकंभर घरी नेल्या असत्या. मी नुसती टरफलं काढत बसले होते. लेक म्हणाली, "आई, खा ना, खायलाच आलोय." मी म्हटलं, "तुझी मावशी आत्ता काय करत असेल?" ती म्हणाली, "शेगडी पेटवत असेल." तिला वाटलं ती मला धीर देतेय.

डॉक्टरकडे गेलीस का? हो किंवा नाही, एवढं चिठ्ठीवर लिही. ताटावर नको.

ताई


शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळ

चिमे,

तुझी खाणावळ बंद आहे. शटर अर्धं खाली, दारावर 'आज बंद' असा पुठ्ठा लटकतोय. गल्ल्यावरच्या बाई समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या तू माळ्यावरच्या खोलीत आहेस आणि कुणाला वर येऊ देत नाहीस. हा कागद शटरखालून आत सरकवतेय.

तू तिथेच होतीस, तरी दुपारचं लिहिते, कारण तुझी पाठ होती आणि माझ्याइतकं तुला दिसलं नसेल.

जेवणाची गर्दी ओसरली होती. उंट पानाच्या टपरीवर गेला होता. गल्ल्यावरच्या बाई पंख्याखाली डुलक्या घेत होत्या. मी हात धुऊन बसले होते, उठायचं मनात नव्हतं. आणि खिडकीतून तो वास आला. आधी मला वाटलं कुणीतरी लसूण ठेचलीय. मग वाटलं, नाही, ही लसूण नाही. कळलं तशी मी उठले ते खुर्ची पाडूनच.

तू मधल्या शेगडीसमोर उभी होतीस. त्या शेगडीवर डाळ उतू गेली होती, जाळ विझला होता, बटण तसंच चालू होतं. तुझ्या हातात काडेपेटी होती आणि काडी बाहेर काढलेली होती. मी काय ओरडले मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी तुझं मनगट धरलं, डागावरच धरलं, आणि काडी खाली पडली.

तू माझ्याकडे बघितलंस, इतक्या वर्षांनी, आणि म्हणालीस, "बाहेरच्यांना आत यायला परवानगी नाही. पाटी वाचली नाहीस?"

"चिमे, गॅस सुटलाय."

"कुठे?"

सगळं स्वयंपाकघर भरलं होतं गॅसने. माझे डोळे चुरचुरत होते. आणि तू विचारलंस, कुठे.

तुला नंतरचं आठवतं की नाही कोण जाणे. मी बटण बंद केलं. तू पंख्याच्या बटणाकडे हात नेलास, ठिणगी उडेल म्हणून मी तो झटकला, जरा जोरात लागला असेल. मागचं दार उघडायचं मला जमेना, कडी वर होती. उंट आरडाओरडा ऐकून पळत आला, त्याने ती सहज उघडली, सिलिंडर बंद केला, तुला आणि मला दंडाला धरून मागच्या अंगणात आणून बसवलं, दोन पोत्यांसारखं. "बाई, मी फक्त पान आणायला गेलो होतो," हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्यावर रागावू नकोस.

मग आपण अंगणात बसलो. उपड्या घातलेल्या पातेल्यांच्या शेजारी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यात ताप आला होता. त्यानंतर."

"डॉक्टर?"

"वेळ नाही मिळाला."

"चिमे."

"मग काय करू? बाहेर पाटी लावू? 'इथे नाक नसलेली बाई स्वयंपाक करते, जरूर या'?"

आणि मी हसले. ते हसणं तुझ्यावर नव्हतं गं. तू अगदी आईसारखा चेहरा करून ती पाटी वाचून दाखवलीस. भीतीनेच ते हसू बाहेर पडलं. पण तुला वाटलं मी पुन्हा चारचौघांत तुझा पाणउतारा केला, उंट होता ना तिथे. तू उठलीस. "झालं समाधान? खाल्लंस, चव घेतलीस, मिळाला निकाल. आता जा तुझ्या गावी." आणि जिना चढून वर गेलीस.

मी गेले नाही. समोरच्या फुटपाथवर औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलेय. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. दुकानदार म्हणाला, "मावशी, काही हवंय का?" म्हटलं, नाक मिळतं का? तो बिचारा आत जाऊन सर्दीचे थेंब घेऊन आला.

तुझी खोली दिसतेय इथून. दिवा लागलाय. तू वर चहा करायला शेगडी पेटवतेयस का? पेटवू नकोस. आज कुणी वास घ्यायला नाहीये तिथे. वाटलं तर मला फुटपाथवरून हाक मार, मी जिन्यात उभी राहीन. तोंड दाखवणार नाही.

ताई


रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार

चिमे,

खाणावळ उद्या उघडणार. ही पक्की खबर आहे, उंटाने लेकीच्या घरी येऊन स्वतः सांगितली. दार उघडल्यावर त्याचं डोकं चौकटीला लागलं, मग तो वाकून आत आला आणि पाणी प्यायच्या आधी निरोप सांगून मोकळा झाला, विसरेन म्हणून. तू त्याच्याकडून तो पाठ करून घेतला होतास म्हणे.

"बाईंनी विचारलंय, तुम्ही गावी कधी जाणार."

"ते त्यांनी का विचारलं?"

"ते नाही सांगितलं. पुढचं सांगितलंय. उद्या दहाला मागच्या दाराने या. पुढून नको. चमचा आपला आपण आणा, इथले चमचे मोठे आहेत. आणि नाही म्हणायचं असेल तर आत म्हणा. खिडकी बंद केल्यावर."

लेक हसायला लागली. मी तिच्याकडे डोळे वटारले, पण मग माझेच भरून आले. उंटाला मी गाडीवाल्याकडचा पूर्ण भुकेचा पाव आणून खाऊ घातला. तो म्हणाला, "मावशी, बाईंनी रात्री शेगडी नाही पेटवली हं. थंड दूध पिऊन झोपल्या. मी खाली होतो."

म्हणजे तू माझा कागद वाचलास.

आता माझ्याकडून. दहाला येते. उंबऱ्यावर बसेन, शेगडीपाशी येणार नाही, रेसिपी सांगणार नाही, भांडी हलवणार नाही. 'हं' आणि 'नाही' याखेरीज तिसरा शब्द काढला तर उंटाला सांगून मला पोत्यासारखी अंगणात नेऊन बसव. खोटा 'हं' मात्र देणार नाही, तुला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. ते तुला आधीच माहीत आहे, म्हणूनच तू मला बोलावलंस. गोड बोलणारी माणसं तर तुझ्याकडे गल्ल्यावरही आहेत.

एवढ्या गोष्टी मात्र माझ्याही ऐकाव्या लागतील. गॅसवाला उद्या सकाळी नळी बदलायला येतोय आणि गॅस सुटला की किंचाळणारं एक यंत्र भिंतीवर बसवणार आहे. लेकीने बोलून ठेवलंय. ते यंत्र तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतं म्हणे, तेव्हा तुला एक सोबत होईल. दुसरं, नाक-घशाच्या डॉक्टरांची उद्या संध्याकाळची वेळ घेतलीय. लेकीने फोनवर विचारलं, वास परत येतो का? ते म्हणाले, काहींना येतो, काहींना हळूहळू थोडा येतो, काहींना येत नाही. बघितल्याशिवाय काही सांगणार नाही म्हणाले. हे मी तुझ्यापासून लपवत नाहीये, कारण सकाळपासून ते 'काहींना येत नाही' माझ्या डोक्यातून जात नाही आणि एकटीने ते मला पेलवत नाही.

नाही आला परत, तर? माझं गावचं घर आहे, अंगणात झाडं आहेत, शेजारीण पाणी घालते म्हणालीय, ती किती दिवस घालेल कोण जाणे. लेकीच्या दुसऱ्या खोलीत माझी गादी पसरलेली आहे. पुढचं पुढे बघू. उद्याचा दिवस आधी पार पडू दे.

आज दुपारी आम्ही कुठे जेवायला गेलो नाही. लेकीने विचारलं, "आज काय खायचं, आई? मासा? समोरच्या गल्लीत नवीन जागा उघडलीय." मी म्हटलं, आज साधा भात कर, जीभ उद्यासाठी मोकळी ठेवायचीय. मग बाजारात जाऊन मी चमचा घेतला. लहान, खोलगट, लांब दांड्याचा, आईचा होता तसा. दुकानदाराने अख्खा संच दाखवायला काढला, मी म्हटलं, मला एकच हवाय.

उद्या दहाला मी मागच्या दाराशी असेन. कडी वर आहे, मला बाहेरून काढता येणार नाही. दार वाजवीन. तू उघडशील आणि काही बोलणार नाहीस. डाळ उकळत असेल. झाकण उचलशील, डाव उजेडात धरायला जाशील आणि मध्येच थांबशील. मग डाव माझ्याकडे करशील.

तेवढं कर, चिमे. पुढचा शब्द माझा.

ताई